बोट लावल्यावरच चालू होणारा क्रिस्टल ऑसिलेटर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या मायक्रोकंट्रोलरच्या दहा बोर्डांवर आपण १६ मेगाहर्ट्झचे, चार पॅडचे लहान क्रिस्टल (चिपला क्लॉक, म्हणजे तालाचे ठोके, मिळवून देणाऱ्या क्वार्ट्झच्या चकत्या) बसवले आहेत. क्रिस्टलच्या दोन्ही बाजूंना ३३ पिकोफॅरडचे कपॅसिटर आहेत आणि ऑसिलेटरच्या, म्हणजे क्रिस्टलला कंपत ठेवणाऱ्या चिपमधल्या सर्किटच्या, आउटपुट पिनला ४७० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये आहे. ही दोन्ही मूल्ये आधीच्या एका डिझाइनमधून जशीच्या तशी घेतली आहेत. दहापैकी सात बोर्ड चालतात, तीन चालत नाहीत. त्या तिनांपैकी दोन बोर्डांवर क्रिस्टलच्या पॅडला बोट लावले किंवा ऑसिलोस्कोपचा प्रोब टेकवला की कंपने सुरू होतात आणि बोट काढल्यावरही, सप्लाय बंद करेपर्यंत, ती चालू राहतात. तिसरा बोर्ड क्रिस्टल बदलल्यावर चालू झाला. आता क्रिस्टलचा हा लॉट खराब समजून टाकून द्यावा, की कपॅसिटर आणखी मोठे करून पाहावेत, असे आपण विचारले आहे.

यातले काहीही लगेच करू नये, असे माझे मत आहे. क्रिस्टल बदलल्यावर बोर्ड चालू झाला म्हणजे जुना क्रिस्टल खराबच होता, हा निष्कर्ष फार घाईचा ठरतो. खरा प्रश्न ‘क्रिस्टल चांगला की वाईट’ हा नसून, आपल्या सर्किटमध्ये तो क्रिस्टल सुरू करण्यासाठी लागणाऱ्या ताकदीपेक्षा किती जास्त ताकद शिल्लक आहे, हा आहे. ज्या सर्किटमध्ये ही शिल्लक जेमतेम असते, तिथे थोडा डावा क्रिस्टल बसला की बोर्ड बंद राहतो आणि थोडा उजवा बसला की चालू होतो. अशा वेळी आज चालणारे सात बोर्डही माझ्या दृष्टीने संशयित आहेत, कारण थंडीत, उष्णतेत किंवा बॅटरी उतरल्यावर त्यांतले कोणते रुसतील हे आज सांगता येणार नाही.

मात्र तिथवर जाण्याआधी ऑसिलेटर खरोखर बंद आहे का, याची खात्री करून घ्यावी लागते. ही पायरी अनेक जण गाळतात आणि मग दिवस वाया जातात. साध्या प्रोबला १× आणि १०× असा खटका असतो. १× वर तो सर्किटला सुमारे १०० पिकोफॅरडचे ओझे लावतो आणि १०× वर साधारण १० ते १५ पिकोफॅरडचे. आपले कपॅसिटरच ३३ पिकोफॅरडचे आहेत, हे लक्षात घेतले तर १× वरचा प्रोब इनपुट पिनवर टेकवल्याने चांगला चालणारा ऑसिलेटरही बंद पडू शकतो, आणि पडद्यावर सरळ रेषा पाहून आपण त्याला मृत ठरवतो. म्हणून प्रोब नेहमी १०× वर ठेवावा, शक्यतो आउटपुट पिनवरच टेकवावा, आणि त्याहून चांगले म्हणजे क्रिस्टलला हातच लावू नये. बहुतेक मायक्रोकंट्रोलरमध्ये आतला क्लॉक एखाद्या पिनवर बाहेर काढण्याची सोय असते. ती सोय चालू करून त्या पिनवर मोजले तर ऑसिलेटरवर कसलेही ओझे पडत नाही आणि वारंवारताही अचूक कळते.

दुसरी खात्री सॉफ्टवेअरची. फ्यूज किंवा कॉन्फिगरेशन बिटमध्ये (चिपमध्ये साठवलेल्या सेटिंगमध्ये) बाहेरचा क्रिस्टल निवडला आहे का, की चुकून ‘बायपास’ म्हणजे बाहेरून तयार क्लॉक येणार असा मोड निवडला गेला आहे, हे पाहावे. बायपासमध्ये आतला अॅम्प्लिफायर बंदच असतो. तसेच सुरुवातीच्या कोडमध्ये क्रिस्टल स्थिर होण्यासाठी किती वेळ वाट पाहिली जाते, तेही तपासावे. वेळ संपला की कित्येक प्रोग्रॅम गुपचूप आतल्या आरसी (रेझिस्टर-कपॅसिटरच्या, कमी अचूक) ऑसिलेटरवर जातात. मग बोर्ड चालतो, एलईडी लुकलुकतो, फक्त सिरीयल पोर्टवर कचरा येतो आणि दोष केबलवर ढकलला जातो. आपल्या बाबतीत सात बोर्ड त्याच कोडवर चालतात, त्यामुळे मोड बरोबर असणार. पण वाट पाहण्याची वेळ फार तोकडी नाही ना, हे एकदा बघून घ्यावे. त्याचे कारण पुढे येईल.

तिसरी तपासणी साध्या मल्टिमीटरने होते आणि ती मला फार मोलाची वाटते. बंद पडलेल्या बोर्डावर ऑसिलेटरच्या दोन्ही पिनांचा डीसी व्होल्टेज मोजावा. क्रिस्टलला चालवणारा अॅम्प्लिफायर हा मुळात एक इन्व्हर्टर, म्हणजे सिग्नल उलटा करून देणारे सर्किट, असतो आणि त्याच्या इनपुट व आउटपुटमध्ये असलेला फीडबॅक रेझिस्टर त्याला मधल्या टप्प्यावर धरून ठेवतो. मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलसाठी तो साधारण १ मेगाओहमचा असतो आणि बहुतेक मायक्रोकंट्रोलरमध्ये आतच असतो. सगळे ठीक असेल तर दोन्ही पिनांवर सप्लायच्या साधारण अर्धा व्होल्टेज दिसतो. काही चिपमध्ये अंतर्गत रचनेमुळे तो कमी असतो, म्हणून चालणाऱ्या बोर्डावर तोच आकडा घेऊन तुलना करणे उत्तम. एखादी पिन शून्यावर किंवा पूर्ण सप्लायवर चिकटलेली असेल, तर अॅम्प्लिफायर मधल्या टप्प्यावर नाही, म्हणजे त्याच्यात वाढ करण्याची ताकदच नाही. तिथे क्रिस्टल आणि कपॅसिटर बदलून काही साधणार नाही. सोल्डरचा पूल, तुटलेला ट्रॅक, बंद असलेला मोड किंवा नसलेला फीडबॅक रेझिस्टर, हीच कारणे शोधावी लागतील.

आता बोटाकडे वळू, कारण आपल्या प्रश्नातला सर्वांत बोलका पुरावा तोच आहे.

बोट लावल्याने एकाच वेळी तीन गोष्टी घडतात. त्या पिनवर काही पिकोफॅरडची भर पडते, बोटाच्या त्वचेतून थोडा करंट गळतो आणि शरीरावर आलेल्या गोंगाटाचा एक झटका सर्किटला बसतो. यातली कोणती गोष्ट कामी आली, हे बोट काढल्यावर काय होते त्यावरून बरेच कळते. बोट असेपर्यंतच कंपने टिकत असतील आणि काढताच मरत असतील, तर बोट बहुधा फीडबॅक रेझिस्टरचे काम करत होते. विशेषतः दोन्ही पॅडांना एकदम बोट टेकवल्यावरच ऑसिलेटर चालत असेल तर हा संशय पक्का होतो. आपल्याकडे मात्र बोट काढल्यावरही कंपने चालू राहतात. भर पडलेले पिकोफॅरड बोटाबरोबर निघून गेले, गळणारा करंटही गेला, तरी ऑसिलेटर थांबला नाही. म्हणजे त्याला फक्त सुरुवातीच्या झटक्याची गरज होती.

हे नीट समजण्यासाठी ऑसिलेटर सुरू कसा होतो ते थोडे पाहावे लागेल. सप्लाय येतो तेव्हा सर्किटमध्ये सगळीकडे असतो तसा सूक्ष्म गोंगाट असतो, मायक्रोव्होल्टच्या पातळीचा. क्रिस्टल त्यातून आपल्या वारंवारतेचा भाग निवडतो, अॅम्प्लिफायर तो वाढवून परत क्रिस्टलला देतो आणि प्रत्येक फेरीत कंपन थोडे मोठे होत जाते. क्रिस्टलमध्ये ऊर्जा खाणारा एक रोध असतो, ज्याला डेटाशीटमध्ये ईएसआर म्हणतात; अॅम्प्लिफायर आणि दोन कपॅसिटर मिळून जी ऊर्जा परत पुरवतात, तिला हिशेबाच्या सोयीसाठी ऋण रोध म्हणतात. ऋण रोध ईएसआरपेक्षा मोठा असेल तरच कंपन वाढते. किती वेगाने वाढते, तेही या दोघांच्या फरकावर ठरते. १६ मेगाहर्ट्झच्या एखाद्या क्रिस्टलचा अंतर्गत इंडक्टन्स १० मिलिहेन्री धरला आणि फरक ४०० ओहमचा असला, तर वाढीचा कालांक ५० मायक्रोसेकंद येतो आणि मायक्रोव्होल्टपासून व्होल्टपर्यंत पोहोचायला त्याच्या १४ पट, म्हणजे सुमारे ०.७ मिलिसेकंद लागतात. फरक फक्त २० ओहमचा उरला तर तोच वेळ १४ मिलिसेकंद होतो. म्हणून कोडमधली वाट पाहण्याची वेळ तपासा असे मी वर म्हणालो. चालणाऱ्या सात बोर्डांवर सुरू होण्याचा वेळ मोजलात आणि तो बोर्डागणिक पुष्कळ बदलताना दिसला, तर शिल्लक कमी असल्याची ती स्पष्ट खूण आहे.

आता एक अडचण उभी राहते. ऋण रोध जर सरळसरळ अपुरा असता, तर बोटाच्या झटक्याने सुरू झालेले कंपनही विरून जायला हवे होते, कारण कंपन मोठे झाले की अॅम्प्लिफायरची वाढ कमीच होते, जास्त नाही. मग ते टिकले कसे? याचे उत्तर क्रिस्टलच्या एका गुणात आहे. डेटाशीटमधला ईएसआर ठराविक ड्राइव्हवर, म्हणजे क्रिस्टलला ठराविक पॉवर देऊन, मोजलेला असतो. क्वार्ट्झच्या पातळ चकतीवर किंवा तिच्या इलेक्ट्रोडवर सूक्ष्म कण, चरे किंवा ताण असतील, तर अत्यंत कमी ड्राइव्हवर तिचा रोध त्या आकड्यापेक्षा बराच जास्त असू शकतो, कधी कित्येक पट. एकदा जोरात हलली की रोध खाली येतो आणि पुढे सगळे सुरळीत चालते. असा क्रिस्टल काही महिने पडून राहिला की पुन्हा ‘झोपू’ शकतो. त्याला बोट लावा, बोर्डावर पेन्सिलीने टिचकी मारा किंवा सप्लाय झटकन चालू-बंद करा, तो जागा होतो. हा गुण थोड्याफार प्रमाणात पुष्कळ क्रिस्टलमध्ये असतो आणि डिझाइन करताना शिल्लक पाचपट ठेवा असा जो आग्रह धरला जातो, त्याचे एक मोठे कारण हेच आहे. आपल्या दोन बोर्डांवर मला हेच दिसते: क्रिस्टल थोडे झोपाळू असतील, पण त्यांना उठवण्याची ताकद सर्किटमध्ये असायला हवी होती आणि ती नाही.

ती का नाही, ते आकड्यांत पाहू. आपण दिलेल्या माहितीप्रमाणे क्रिस्टलचा लोड कपॅसिटन्स (लिहिलेल्या वारंवारतेसाठी त्याला बाहेरून दिसायला हवा तो कपॅसिटन्स) १२ पिकोफॅरड, कमाल ईएसआर ८० ओहम आणि समांतर कपॅसिटन्स (क्रिस्टलच्या दोन टोकांमधला त्याचा स्वतःचा) ५ पिकोफॅरड आहे. लोड कपॅसिटन्स १२ आहे म्हणून १२ चे दोन कपॅसिटर लावायचे नसतात, आणि ‘सगळीकडे २२ किंवा ३३ चालतात’ हा समजही खरा नाही. क्रिस्टलला दोन्ही कपॅसिटर एकामागोमाग जोडलेले दिसतात, त्यामुळे ३३ आणि ३३ मिळून १६.५ होतात, त्यात पॅड, ट्रॅक आणि चिपच्या पिना मिळून साधारण ४ पिकोफॅरडची भर धरली, तर आपल्या क्रिस्टलला १२ ऐवजी २०.५ पिकोफॅरड दिसत आहेत. योग्य मूल्य काढायचे तर १२ मधून ४ वजा करून दुप्पट करावी, म्हणजे १६ पिकोफॅरड. बाजारात मिळणारे १५ चे कपॅसिटर चालतील. भरीचा आकडा बोर्डाच्या रचनेप्रमाणे ३ ते ५ च्या आसपास बदलतो, म्हणून शेवटी वारंवारता मोजून एखाद्या पिकोफॅरडची दुरुस्ती करावी लागू शकते.

क्रिस्टल सुरू होण्यासाठी अॅम्प्लिफायरचा किमान किती ट्रान्सकंडक्टन्स (इनपुटच्या दर व्होल्टमागे आउटपुटला तो किती करंट देतो, ते माप) लागतो, याचे एक सोपे सूत्र आहे: समांतर कपॅसिटन्स आणि लोड कपॅसिटन्स यांची बेरीज करून तिचा वर्ग घ्यावा, त्याला कोनीय वारंवारतेच्या वर्गाने गुणावे, मग ईएसआरने आणि शेवटी ४ ने गुणावे. योग्य कपॅसिटर असते तर बेरीज १७ पिकोफॅरड आली असती आणि उत्तर ०.९३ मिलिअँपिअर प्रति व्होल्ट. आपल्या सध्याच्या कपॅसिटरनी बेरीज २५.५ होते आणि उत्तर २.१. आपण चिपचा ट्रान्सकंडक्टन्स कळवलेला नाही. उदाहरणादाखल तो ५ धरला, तर पहिल्या स्थितीत शिल्लक ५.३ पट आणि दुसऱ्या स्थितीत २.४ पट. कपॅसिटर दुप्पट केले म्हणून शिल्लक निम्म्याहून खाली आली, कारण सूत्रात वर्ग आहे. म्हणूनच कपॅसिटर आणखी मोठे करण्याचा विचार सोडून द्यावा. काही उत्पादक ट्रान्सकंडक्टन्स न देता या किमान मूल्याची वरची मर्यादा थेट देतात. तसे असेल तर आपले उत्तर त्या मर्यादेच्या आत आहे का, एवढेच पाहायचे.

आणि इथे तो ४७० ओहमचा रेझिस्टर येतो. वरच्या हिशेबात तो धरलेलाच नाही. काही उत्पादकांच्या मार्गदर्शनात हा रेझिस्टर ईएसआरमध्ये मिळवून शिल्लक पुन्हा काढायला सांगितलेले असते. ८० च्या जागी ५५० ओहम घातले तर आपली २.४ पट शिल्लक ०.३५ वर येते. हा हिशेब कडक आहे, प्रत्यक्षात परिणाम चिपच्या आउटपुट इम्पिडन्सवर अवलंबून राहतो आणि आपले सात बोर्ड चालत आहेत हेच त्याचे प्रमाण आहे. पण सर्किटमधली सर्वांत मोठी गळती कुठे आहे, हे त्यातून दिसते. त्यामुळे बंद बोर्डांवर सर्वांत पहिला प्रयोग मी हा करेन: ४७० ओहमच्या दोन पॅडांवर सोल्डरचा थेंब टाकून तो तात्पुरता शॉर्ट करावा, दुसरे काहीही बदलू नये, आणि सप्लाय वीस वेळा बंद-चालू करून पाहावा. मात्र त्याआधी दोन झोपलेल्या बोर्डांना बोट लावू नये, नाहीतर जागा झालेला क्रिस्टल प्रयोगाचे उत्तर बिघडवेल.

तो रेझिस्टर निरर्थक आहे असा याचा अर्थ नाही. तो क्रिस्टलला अति ड्राइव्हपासून वाचवतो. इनपुट पिनवर १ व्होल्ट पीक-टु-पीक असेल आणि त्या बाजूला भर धरून १८ पिकोफॅरड असतील, तर ८० ओहमच्या क्रिस्टलमध्ये सुमारे ३३ मायक्रोवॅट खर्च होतात; तोच व्होल्टेज ३.३ झाला तर साडेतीनशे मायक्रोवॅटच्या वर जातो. अनेक लहान क्रिस्टलची मर्यादा १०० मायक्रोवॅटच्या आसपास असते, ती ओलांडली की वारंवारता सरकते, क्रिस्टल लवकर म्हातारा होतो आणि फारच ताण पडला तर चकती तडकते. म्हणून योग्य क्रम असा: आधी कपॅसिटर बरोबर करावेत, मग रेझिस्टरशिवाय ड्राइव्ह मोजावा, आणि मर्यादेपेक्षा जास्त भरला तरच रेझिस्टर घालून पुन्हा शिल्लक तपासावी. दुसऱ्या डिझाइनमधून उचललेला रेझिस्टर त्या डिझाइनच्या चिपसाठी आणि त्या क्रिस्टलसाठी होता.

आता ज्या एका चाचणीवर माझा सर्वांत जास्त भरवसा आहे, ती सांगतो. वरचे सगळे हिशेब डेटाशीटच्या आकड्यांवर उभे आहेत. ही चाचणी आपल्याच बोर्डावर, आपल्याच क्रिस्टलवर शिल्लक मोजते. क्रिस्टलचा एक पॅड उचलून किंवा ट्रॅक कापून क्रिस्टलच्या सिरीजमध्ये एक लहान चिप रेझिस्टर बसवायचा. सुरुवात ४७ ओहमने करावी, मग १००, २२०, ३३०, ४७० असे चढत जावे. प्रत्येक रेझिस्टर बसवल्यावर सप्लाय पूर्ण बंद करून, कपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबून, पुन्हा चालू करावा आणि ऑसिलेटर आपणहून सुरू होतो का, हे क्लॉक बाहेर काढलेल्या पिनवर पाहावे. चालू असलेल्या ऑसिलेटरमध्ये रोध वाढवत जाण्याचा काही उपयोग नाही, कारण आपल्याला टिकण्याची नव्हे, सुरू होण्याची ताकद मोजायची आहे. ज्या सर्वांत मोठ्या रेझिस्टरसह बोर्ड दर वेळी सुरू होतो, तो आकडा अधिक क्रिस्टलचा स्वतःचा रोध, हा ढोबळमानाने आपला ऋण रोध. तो कमाल ईएसआरच्या किमान पाचपट हवा, म्हणजे आपल्या बाबतीत ४०० ओहम. तीनपट येत असेल तर घरगुती वापराच्या साध्या उपकरणाला कदाचित चालून जाईल, पण मी तो बोर्ड उत्पादनाला देणार नाही. तारेच्या वेटोळ्यांचा रेझिस्टर किंवा लांब तारांनी जोडलेले पोटेन्शिओमीटर इथे वापरू नये; त्यांचा इंडक्टन्स आणि भरीचा कपॅसिटन्स मोजमाप बिघडवतो.

ही चाचणी मला एका अनुभवाने शिकवली. एका उत्पादनात बोर्डाची एक बॅच अचानक आपल्यासारखीच वागू लागली. शंभरातले चार-पाच बोर्ड सकाळी पहिल्यांदा चालू होत नसत आणि दुपारी व्यवस्थित चालत. सर्किटमध्ये एक ओळही बदललेली नव्हती. खरेदीच्या वेळी मात्र त्याच वारंवारतेचा, पण आणखी लहान आकाराचा क्रिस्टल घेतला गेला होता आणि पॅड जुळत असल्याने कोणाच्या लक्षात आले नव्हते. क्रिस्टल जितका लहान, तितका त्याचा ईएसआर साधारणपणे जास्त असतो. आम्ही दोन आठवडे सोल्डरिंगच्या मागे होतो. सिरीज रेझिस्टरची चाचणी केली तेव्हा जुन्या क्रिस्टलची साडेसहा पट आलेली शिल्लक नव्यासाठी दोनाच्या जेमतेम वर आली, आणि प्रश्न त्या दुपारीच सुटला. तेव्हापासून क्रिस्टलच्या बाबतीत ‘सेम फ्रिक्वेन्सी’ हे शब्द मी पुरेसे मानत नाही; लोड कपॅसिटन्स, ईएसआर आणि कमाल ड्राइव्ह हे तिन्ही आकडे खरेदीच्या कागदावर लिहून घेतो.

काही शक्यता आपल्या बाबतीत दूरच्या आहेत, त्या भराभर सांगतो. चार पॅडच्या क्रिस्टलमध्ये कर्णावरचे दोन पॅड क्रिस्टलचे आणि उरलेले दोन झाकणाचे असतात. लायब्ररीतला फूटप्रिंट (पॅडांचा आराखडा) शेजारच्या दोन पॅडांवर सिग्नल देत असेल तर एकही बोर्ड चालत नाही, आणि आपले सात चालतात. ३० मेगाहर्ट्झच्या वरचे काही क्रिस्टल तिसऱ्या ओव्हरटोनचे, म्हणजे मूळ कंपनाच्या साधारण तिप्पट वारंवारतेवर चालवायचे, असतात आणि साध्या सर्किटमध्ये ते लिहिलेल्या वारंवारतेच्या एक तृतीयांशावर सुरू होतात. १६ ला तो प्रश्न बहुधा नाही. क्रिस्टल जमिनीवर पडलेला असेल किंवा बोर्ड अल्ट्रासॉनिक टाकीत धुतला असेल, तर चकती खरोखर तडकलेली असू शकते. तिसऱ्या बोर्डावरून काढलेला क्रिस्टल टाकला नसेल तर तो एखाद्या चालणाऱ्या बोर्डावर बसवून पाहावा आणि त्या बोर्डाचा क्रिस्टल तिसऱ्यावर. दोष क्रिस्टलबरोबर फिरतो की बोर्डाबरोबर राहतो, हे कळल्याशिवाय क्रिस्टलवर ठपका ठेवू नये. काही वेळा नुसते काढून पुन्हा बसवल्यानेच बोर्ड चालू होतो, कारण मूळ दोष झाकणाखाली न दिसणाऱ्या कोरड्या जोडाचा असतो.

फ्लक्सचे, म्हणजे सोल्डरिंगनंतर बोर्डावर उरणाऱ्या रसायनाचे, मात्र थोडे थांबून सांगायला हवे, कारण आपल्याच बोर्डावर ३२.७६८ किलोहर्ट्झचा घड्याळी क्रिस्टलही आहे असे आपण लिहिले आहे. १६ मेगाहर्ट्झच्या सर्किटला थोडा फ्लक्स सहसा चालून जातो. घड्याळी क्रिस्टलला तो चालत नाही. तिथला फीडबॅक रेझिस्टर १० मेगाओहम किंवा त्याहून मोठा असतो, क्रिस्टलचा ईएसआरच दहा हजारांच्या पटीत, बहुधा ५० ते ९० किलोओहम असतो आणि ड्राइव्हची मर्यादा १ मायक्रोवॅट किंवा त्याहूनही कमी. अशा पिनांमध्ये फ्लक्सचा चिकट थर राहिला आणि हवा दमट झाली, तर त्यातून गळणारा करंट इन्व्हर्टरला मधल्या टप्प्यावरून ढकलतो. भिंगाखाली पाहिले तर दोन पॅडांच्या मध्ये पिवळसर, काचेसारखा थर दिसतो आणि दमट दिवशी तो पांढरट होतो. मऊ ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, तो द्रव कापसाने टिपून घेऊन, पुन्हा स्वच्छ अल्कोहोलने धुवावे; नुसता ब्रश फिरवल्याने फ्लक्स पसरतो, जात नाही. धुतल्यावर गरम हवेने पूर्ण वाळवूनच मोजावे. इथे १०× प्रोबचा १० मेगाओहमचा रोधही जड पडतो, म्हणून या क्रिस्टलवर थेट प्रोब लावून निष्कर्ष काढूच नये. आणि हा क्रिस्टल सुरू व्हायला एखादा सेकंद घेतो, तो दोष नव्हे: त्याचा अंतर्गत कपॅसिटन्स ३ फेम्टोफॅरड धरला तर इंडक्टन्स जवळजवळ ७,९०० हेन्री येतो, आणि २०० किलोओहमची शिल्लक असली तरी कंपन पूर्ण वाढायला सेकंदाच्या आसपास लागतो. कोडमध्ये याला किमान दोन-तीन सेकंद द्यावेत.

आपल्या बोर्डांसाठी कामाचा क्रम मग असा होतो. बंद असलेल्या दोन बोर्डांवर आधी डीसी व्होल्टेज लिहून घ्यावा, मग ४७० ओहम शॉर्ट करून पाहावा, मग ३३ चे कपॅसिटर काढून १५ चे बसवावेत. कपॅसिटर सीझिरोजी किंवा एनपीझिरो प्रकारचेच (तापमानाने मूल्य जवळजवळ न बदलणारे) घ्यावेत आणि त्यांची ग्राउंडची टोके मायक्रोकंट्रोलरच्या ग्राउंड पिनजवळ आखूड ट्रॅकने न्यावीत. एवढ्याने दोन्ही बोर्ड बोटाशिवाय सुरू होतील अशी माझी अपेक्षा आहे. पण ते सुरू झाले म्हणून थांबू नये. सिरीज रेझिस्टरची चाचणी त्या दोन बोर्डांवर आणि चालणाऱ्या सातांपैकी किमान दोनांवर करावी, तीही सर्वांत कमी सप्लायवर आणि आपल्या उपकरणाच्या दोन्ही टोकांच्या तापमानाला. उष्णतेत अॅम्प्लिफायरचा ट्रान्सकंडक्टन्स उतरतो, म्हणून बोर्ड गरम असतानाचे मोजमाप चुकवू नये. चारही ठिकाणी ४०० ओहमच्या वर आकडा आला, तर क्रिस्टलचा लॉट ठेवावा.

एखाद्या बोर्डावर योग्य कपॅसिटर असूनही आकडा खालीच राहिला, तर चिपमध्ये ऑसिलेटरची ड्राइव्ह-ताकद निवडण्याची सोय आहे का ते पाहावे आणि ती एक पायरी वाढवावी. तीही सोय नसेल, तर ८ पिकोफॅरड लोड कपॅसिटन्सचा किंवा ५० ओहमच्या आतल्या ईएसआरचा क्रिस्टल निवडणे हाच टिकाऊ उपाय आहे. मायक्रोकंट्रोलरचा ट्रान्सकंडक्टन्स, डीसी व्होल्टेजचे दोन आकडे आणि ४७० ओहम शॉर्ट केल्यावर काय झाले, एवढे कळवलेत तर पुढचा हिशेब मी आपल्या प्रत्यक्ष आकड्यांवर करून देईन.